समासातली पेन्सिल

स्मरणिकेसाठी शंभर शब्द हवेत, म्हणाले सेक्रेटरी,
फोटोसकट, रविवारच्या आत.
जन्म, दीक्षा, मंडळीची सेवा, प्रभूमध्ये झोपी गेले.
बसतं एवढं शंभरात.
पण जालन्याच्या चर्चमागं, कंदील ठेवायच्या खोलीत
लोखंडी पेटी निघाली
आणि पेटीत त्यांचं शास्त्र,
पत्रांचा भाग वाळवीनं अर्धा नेलेला.

शमुवेल लिंबाजी पाखरे.
बाप केकताड कुजवायचा कुंडलिकेच्या डोहात,
दोर वळायचा, दारोदार द्यायचा.
पोराला आधी मोडी आली,
पटवाऱ्याच्या ओट्याखाली उभ्यानं,
वर चाललेली वसुली ऐकता ऐकता.
बाळबोध नंतर, मिशनच्या शाळेत.

पहिल्या नोंदी तांबड्या शाईच्या:
"हे खरे."
पानोपानी तेच. हे खरे. हे खरे.
सतरा वर्षांचं पोर,
तोवर कुणी त्याला काही
खरं म्हणून सांगितलंच नव्हतं.

मग बरीच पानं कोरी.
तिशीत पेन्सिल येते.
'कृपा' खाली रेघ, रेघेखाली आणखी एक,
आणि बाजूला: "पाटलाचीही हीच."
खाली बारीक अक्षरात:
"फुकट मिळते, असं सांगतो मी अंबडकडच्या खेड्यांत.
फुकट म्हटलं की म्हाताऱ्या पदर पसरतात.
सवयीनं."

हे कुठं बसवू शंभरात?

'मेहरबानी' लिहून खोडलंय:
"तहसिलीच्या कागदावर असते, खाली शिक्का."
'दया' खोडलंय: "भाकावी लागते."
'हक्क' चार महिने टिकला.
मग त्यावरही रेघ, पण हलकी,
जणू पुन्हा लागेल म्हणून:
"हक्क म्हटलं की देणाऱ्याचं तोंड दिसत नाही.
मला ते बघायचंय."

तेव्हा प्रभुभोजनाला दोन पेले असत,
दोन वाड्यांचे दोन.
देव एक, भाकर एक, पेले दोन,
आणि त्यांनीच आठ वर्षं ते भरले होते
स्वतःच्या हातानं.
एका रविवारी एकच ठेवला.
त्या पानावर शास्त्रार्थ काही नाही:
"अकरा घरं उठून गेली.
उरलेल्यांनी घेतलं.
सुंद्राबाईचा हात कापत होता. माझाही."

सुंद्राबाई, सवतीचं पोर अंगावर पाजून वाढवलेली.
का पाजलंस, विचारलं त्यांनी,
तर म्हणाली, इचारून येती व्हय?
माया आली.
समासात नुसतं: "हेच की!"
सबंध पुस्तकात एवढं एकच उद्गारचिन्ह.

वामनराव उपदेशक म्हणाले,
माया म्हणजे भ्रम, पाद्रीसाहेब, सगळा अर्थ बिघडेल.
हे म्हणाले, तुमच्या ओसरीवर असेल भ्रम.
आमच्यात माया म्हणजे दूध.
दोन वर्षं व्यासपीठ बंद झालं.
जिनिंगचा भोंगा झाल्यावर
रात्रीची शाळा घेत राहिले, सरकीच्या वासात.

म्हातारपणी 'माया'वरही रबर फिरवलंय.
कागद तिथं इतका झिजलाय
की मागच्या पानाचं अक्षर पुढून दिसतं, उलटं.
"मायेत माझं आलं. माझं आलं की तुझं आलं.
अकरा घरांना काय म्हणू?"

त्याखाली दोन ओळी मोडीत.
मला मोडी येत नाही. मंडळीत कुणालाच नाही.
पानात खूण म्हणून दोराचा तुकडा,
बोटभर, घट्ट पिळाचा.
बापानं वळलेला की यांनी, कळायला मार्ग नाही.

शब्द मोजले. शहाण्णव भरले.
सेक्रेटरी म्हणाले, चालतंय,
फोटो तेवढा जरा मोठा टाकू.